तळ्याकाठी पाठमोरा

आधी काचवाल्या बाईंचं सांगतो, मग बाकीचं. त्यांचं खरं नाव लिहीत नाही, कारण ज्या जागेवर त्यांनी जन्मभराचे उन्हाळे काढले तिथला नियमच होता, की इथे कोण येतं ते बाहेर सांगायचं नाही. इथे जर्मनीत, गार्चिंगच्या एका संशोधन संस्थेत त्या प्रयोगशाळेला लागणारी काचेची नळकांडी फुंकून द्यायच्या, निवृत्त होईपर्यंत. म्हणून मी आणि आमच्या किचनमधला तंदूरवाला त्यांना काचवाल्या बाई म्हणतो. माझी नोकरी, इथे राहायचा परवाना आणि गावाकडे माझ्याबद्दल जे चार शब्द बरे बोलले जातात ते, हे सगळं त्यांच्यामुळे शिल्लक आहे. मी नववी अर्धी सोडलेला माणूस. मांडणीत पुढचंमागचं होईल, पण त्यांचं आधी सांगितलं, एवढं बरोबर केलं.

मी स्वयंपाकी. नाशिकला होतो, मग पुण्याला, आणि गेली काही वर्षं इथे, युनिव्हर्सिटीच्या वाटेवरच्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये. दुपारी अकरापासून अडीचपर्यंत विद्यार्थ्यांची रांग असते. मग साडेपाचला परत गॅस पेटवायचा. मधले तीन तास आपले. ते काढायचे कुठे, हाच प्रश्न. मालकाने दिलेली खोली माळ्यावरची, जुलैत तिथे कणीक ठेवली तर आपोआप फुगेल अशी. पाय दुखत असायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे. तंदूरवाला म्हणाला, सायकल घे, मक्याच्या शेतापाशी डावीकडे वळ, वीस मिनिटांवर तळं आहे. तो स्वतः कधी गेला नव्हता. कोणाकडून तरी ऐकलेलं.

मी मक्यातून गेलो, झाडीतून बाहेर आलो आणि सायकल धरून तसाच उभा राहिलो. गवतावर वीसपंचवीस माणसं होती. बहुतेक म्हातारी, बायका आणि पुरुष, आणि कोणाच्या अंगावर काही नव्हतं. उघडा माणूस मी आयुष्यात पाहिला होता तो नाशिकला सिंहस्थात. त्या साधूंच्या पुढे लोक हात जोडून उभे असतात. इथे कोणी हात जोडत नव्हतं. एक आजोबा ब्रेडला लोणी लावत होते, दोन बायका शब्दकोडं सोडवत होत्या. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मी आलो तसा परत गेलो.

दुसऱ्या दिवशी खोलीत पडून पाहिलं, नाही जमलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तळ्याची मोठी बाजू, कपडे घालून पोहणाऱ्यांची, पलीकडे होती. तिथे पार्किंग, आइस्क्रीम, पोरांचा कल्ला, आणि सावली मात्र नाही. इकडे मोठमोठी विलोची झाडं, वारा, शांतता. मी ठरवलं की सगळ्यांत कडेच्या झाडाखाली बसायचं, कपडे घालूनच, आणि या लोकांकडे पाठ करायची. आमच्याकडे नदीवर बायका कपडे धूत असल्या की पुरुषमाणूस तोंड दुसरीकडे करूनच जातो, तेवढी रीत मला माहीत होती. तोंड मक्याकडे, पाठ तळ्याकडे. तळ्यावर येऊन मी रोज मकाच बघत बसायचो. तीन आठवडे असे गेले. एकदा एक बाई डोक्यावर फक्त गवती टोपी घालून माझ्यापाशी आल्या आणि पानात गुंडाळलेल्या चेरी माझ्या बाजूला ठेवून गेल्या. मी वर पाहिलं नाही. डांके म्हणालो, तेही मक्याकडे बघून.

आता चूक. ती माझ्यासारखाच करू जाणे.

आई रोज विचारायची, जागा दाखव की रे, कुठे जातोस. त्या दिवशी हवा छान होती. मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तोंडासमोर धरला. तोंड मक्याकडे, म्हणजे कॅमेरा माझ्याकडे, आणि माझ्या खांद्यावरून मागचं सगळं तळं. मला स्क्रीनवर आईच दिसत होती, कोपऱ्यात माझं इवलंसं तोंड. मी आपला सांगतोय, इथे भाकरीचं पीठ मिळतं, आणि विचारतोय, पोरीचा ताप उतरला का. आई स्क्रीनजवळ तोंड आणून बघू लागली. मग हळूच म्हणाली, "अरे, तुझ्या मागं ते बाबा कोण? त्यांच्या अंगावर धडोतं नाही. थंडी वाजंल त्यांना."

मी मागे वळलो. वळलो तर फोनही वळला. तेव्हाच एक माणूस माझ्याकडे येताना दिसला, आणि तो रोजच्या लोकांतला नव्हता, नवा होता. त्याने मोठ्याने विचारलं की तू काय शूट करतोयस. मी फोन छातीशी धरला. तेही चुकलं, कारण लपवल्यासारखं दिसलं. मग आणखी चारपाच जण आले. मी खाली मान घातली. उघड्या माणसांच्या घोळक्यात मान वर करून बघायचं कुठे? पण मान खाली घातलेला माणूस गुन्हेगार दिसतो, हे मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं. जर्मन येत होतं ते कांदा, टोमॅटो, जेवण तयार आहे, एवढंच. "मुटर, मुटर," म्हणजे आई, आई, एवढंच मी म्हणत राहिलो. कोणीतरी पोलिसांना फोन लावला.

तेव्हा टोपीवाल्या बाई पुढे आल्या. म्हणजेच काचवाल्या बाई. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, मला पाहिलं, त्या माणसाला पाहिलं आणि शांतपणे काहीतरी बोलल्या. ते मला पुढे खूप दिवसांनी नीट कळलं, त्यांनीच इंग्रजीत सांगितलं तेव्हा. त्या म्हणाल्या होत्या, "हा तीन आठवडे येतोय. ज्याला बघायचं असतं तो पाठ करून बसत नाही."

पोलीस आले, एक बाई आणि एक पुरुष, पार्किंगकडून चालत. चांगले वागले, खोटं कशाला बोलू. माझं परवान्याचं कार्ड पाहिलं, मला विचारून फोन पाहिला. त्यात पनीरचे फोटो, मुलीचे फोटो, आमच्या फ्रिजच्या तापमानाचे फोटो. कॉलचं काही साठलेलं नव्हतं. पण तक्रार झाली होती, आणि ती लिहून घ्यावीच लागते, असं त्या पोलीसबाईंनी समजावलं. जाताना काचवाल्या बाईंनी माझ्या हातावर त्यांचा पत्ता लिहिला. कागद नव्हता, आणि ठेवायला त्यांना खिसाही नव्हता. पत्र आलं की घेऊन ये, म्हणाल्या.

पत्र आलं, तीन आठवड्यांनी, पिवळ्या लिफाफ्यात. परवाना संपायला तेव्हा दोन महिने राहिले होते. आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, नूतनीकरणाचा टेरमिन, म्हणजे भेटीची तारीख, मिळालेला होता. केस उघडी असली तर पुढचं कार्ड अडतं, असं किचनमध्ये सगळे सांगत. मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, माझ्या रेस्टॉरंटचं नाव त्यात आलं नाही पाहिजे, बाकी तू बघ. त्यालाही मी दोष देत नाही. त्याच्याकडे सहा माणसं, सहा परवाने.

आमच्याकडे जेवायला येणारी साताऱ्याची एक मुलगी होती, पीएचडी करणारी. दादा दादा म्हणायची, कढीपत्ता आणून द्यायची. तिने ते पत्र दोन मिनिटांत वाचलं असतं. पण दाखवायचं कसं? काय सांगायचं? उघड्या बायकापुरुषांच्या फोटोवरून पोलिसांनी बोलावलंय? ती कोणाला बोलली नसती, तरी आमच्या मंडळाचा ग्रुप आहे, त्यात कोणाचे तरी मेव्हणे संगमनेरचे, कोणाची मावशी अकोल्याची. गोष्ट इथून निघाली की आमच्या गावच्या पारावर पोचायला संध्याकाळ लागत नाही. बायकोला मी काय तोंड दाखवणार? आठ दिवस ते पत्र मी तांदळाच्या पोत्याखाली ठेवलं. फोडणी करताना लक्ष त्या पोत्याकडे. दोनदा जिरं करपलं.

शेवटी हातावरचा पत्ता, जो मी उतरवून ठेवला होता, तो घेऊन गेलो. बाईंनी दार उघडलं तर त्या पूर्ण कपड्यांत, स्वेटर, पँट, पायात मोजे. मला त्या पटकन ओळखूच आल्या नाहीत. त्यांच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, माझ्या नवऱ्याच्या बाबतीत माझंही असंच झालं होतं.

त्यांनी पत्र वाचलं. दुसऱ्याला नग्न स्थितीत दाखवणारं चित्र पुढे पाठवल्याचा आरोप, आणि त्यावर माझं म्हणणं लिहून द्यायचं होतं, चौदा दिवसांत. त्यांतले आठ मी पोत्याखाली घालवले होते. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कॉफी ठेवली आणि विचारलं, शाळा किती? मी मान खाली घालून सांगितलं, नववी, तीही अर्धी.

"माझी आठवी," त्या म्हणाल्या. "मग फुंकणी हातात. म्हणजे तू माझ्यापेक्षा अर्धं वर्ष जास्त शिकलायस. लिही."

आणि मग त्या तळ्याबद्दल बोलायला लागल्या. मला वाटलं होतं, आरोपाबद्दल बोलतील. पण त्यांचं म्हणणं असं, की जागा कशी होती ते कळल्याशिवाय तुझी चूक कळणार नाही. तीन दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो आणि त्या जागेची गोष्ट ऐकली, थोडी इंग्रजीत, थोडी जर्मनमध्ये, थोडी पेन्सिलने.

तळं मुळात तळं नव्हतंच. हमरस्ता बांधायला लागणारी खडी तिथून काढली. खड्डा खोल गेला, खालून पाणी लागलं, तसे लोक खोदकाम सोडून गेले. सगळ्यांत आधी तिथे उघडे पोहले ते खडी काढणारे मजूर, कारण त्यांच्याकडे कपड्यांचा दुसरा जोड नव्हता. मग संस्थेतले लोक येऊ लागले, प्रयोगशाळेतले, वर्कशॉपमधले, त्यांच्यात प्रोफेसरही. तेव्हा रस्ता नव्हता. मक्याच्या मालकाने अट घातली होती, एकामागे एक चालायचं, कणसाला हात लावायचा नाही. लोकांनी ती पाळली. दर शरदात त्याच्या दारात बिअरचा क्रेट ठेवायचे. पाण्यात कोण साहेब, कोण झाडूवाला, हे कोणाला कळायचं नाही आणि कोणी विचारायचं नाही. बाईंना एक माणूस तिथे आवडला. सहा महिन्यांनी तोच माणूस संस्थेच्या कँटीनमध्ये टाय लावून समोर आला, तर त्यांनी त्याला ओळखलं नाही. मग तो चालत गेला, तेव्हा चालीवरून ओळखलं. त्याच्याशी त्यांनी लग्न केलं.

पुढे शहरातली मेट्रो संस्थेपर्यंत आली, सायकलचा रस्ता झाला. मग कोणीतरी फोनवरच्या नकाशात ती जागा टाकली, छुपी जागा म्हणून. छुपी जागा सगळ्यांना सांगितली की ती काय राहते? कपडे घातलेले लोक पलीकडून सरकत सरकत आले. त्यांना म्हाताऱ्यांचं अंग पाहून कसंतरी व्हायचं. गावच्या पंचायतीत बैठका झाल्या, दोन विलोंच्या मधली जागा ठरली. दुसऱ्या वर्षी एक विलो वादळात पडला, तर हद्द अलीकडे आली. बाई म्हणाल्या, आम्हाला कोणी हाकललं नाही, फक्त दरवर्षी टॉवेल थोडा सरकवावा लागला. हे त्या चिडून बोलल्या नाहीत, दमून बोलल्या. मी पण दमलेलाच होतो. मला ते बरोबर कळलं.

मी विचारलं, जुने फोटो असतील ना?

"एकही नाही," म्हणाल्या. "तोच तर नियम होता. माझ्या नवऱ्याचा तिथला एक फोटो नाही माझ्याकडे. हसायचा तो तिथेच."

मला त्या टेबलावरून उठून जावंसं वाटलं. ज्यांनी आपल्या माणसाचा फोटोसुद्धा काढला नाही, त्यांच्या अख्ख्या तळ्याचं चित्र मी फोनवर गावाकडे दाखवलं होतं.

पण त्या कागदावर काही काढत होत्या. हा मका, ही वाट, हा पडलेला विलो. आणि वाटेच्या तोंडाशी एक खांब. त्या खांबावर पाटी होती, त्यांनी स्वतः रंगवलेली, पंचायतीला विचारून. इथून पुढे कपड्यांची गरज नाही, असं त्यावर लिहिलेलं, आणि खाली कॅमेऱ्याचं चित्र काढून त्यावर लाल फुली. चित्र कशाला, तर म्हणाल्या, ज्याला वाचता येणार नाही त्याच्यासाठी. इतक्या वर्षांपूर्वी त्यांनी माझ्यासाठीच ती फुली मारून ठेवली होती, असं मला वाटलं. मी म्हणालो, मी तर पाटी पाहिली नाही. तशा त्या ताडकन उठल्या. पाऊस पडत होता, तरी आम्ही सायकलींवर निघालो.

पाटी नव्हती. वसंतात सायकलची वाट रुंद केली तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी खांब उपटला आणि परत लावलाच नाही. नेहमीच्या लोकांना पाटी लागत नव्हती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. गवतात खांबाचा खड्डा मात्र तसाच होता, पाण्याने भरलेला. तळ्यावर त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. बाईंनी खड्ड्याभोवतीचं गवत पायाने बाजूला केलं. मग मला म्हणाल्या, फोन काढ.

मी काढला नाही. माझा हातच खिशात जाईना. त्यांनी पुन्हा सांगितलं, "काढ. खड्ड्याचा फोटो काढ." मी काढला. इतक्या वर्षांत त्या जागेवर नियमवाल्यांपैकी कोणी सांगून काढलेला तो पहिला फोटो असावा, आणि तो एका खड्ड्याचा.

तो फोटो, पेन्सिलचा नकाशा आणि दोन पानी पत्र आम्ही पाठवलं. पत्र त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, माझ्या हाताने. मी जर्मनमध्ये लिहिलेलं ते सगळ्यांत लांब काही. शेवटी त्यांनी स्वतःचं निवेदन जोडलं, की पाटी नसल्याची जबाबदारी आमच्या सगळ्यांची आहे, कारण ती सांभाळायची आम्हीच ठरवलं होतं. ज्या माणसाने तक्रार केली होती त्याच्याकडेही त्या गेल्या. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, तो वाईट नाही, त्याच्या मुलीबाबत एकदा असं काही झालं होतं, म्हणून घाबरतो. मला त्याचं म्हणणं पटलं. मलाही मुलगी आहे.

टेरमिनच्या नऊ दिवस आधी दुसरं पत्र आलं, केस बंद केल्याचं. मी ते किचनमध्ये वाचलं, स्वतः वाचलं, आणि काकडी चिरत राहिलो, कारण बाहेर रांग होती. कार्ड मिळालं. आईला कधी काही सांगितलं नाही. ती अजून विचारते, ते बाबा बरे आहेत ना?

ते बाबा गेले मागच्या हिवाळ्यात. आता तळ्यावर बुधवारी सहासात जण असतात. नवी पाटी लागली आहे, पंचायतीचीच, छापील, फुलीसकट. नवीन पोरं फळीवर उभी राहून वल्हवत अगदी काठापर्यंत येतात, बघतात, जातात. मी अजून कडेलाच बसतो, पण आता तोंड पाण्याकडे करून. फोन खोलीवर ठेवून जातो. पोहायला मला बाईंनीच शिकवलं, दोन उन्हाळे, अर्ध्या चड्डीवर. त्यांनी कधी त्यावरून टोकलं नाही, फक्त म्हणायच्या की तुझी चड्डी तुझ्यापेक्षा जास्त पाणी पिते.

यंदा मार्चमध्ये बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. आता त्या वृद्धाश्रमात दुसऱ्या मजल्यावर असतात, खुर्चीवर. खिडकीतून पार्किंग दिसतं. मी मधल्या वेळात जातो, डब्यात वरणभात नेतो, कमी तिखटाचा. गेलो की पहिला प्रश्न, पाणी कसं आहे? म्हणून मी आधी तळ्यावर जातो, किचनमधला थर्मामीटर बुडवतो आणि आकडा घेऊन येतो. त्या डोळे मिटून तो आकडा ऐकतात. पंचायतीने खुर्ची थेट पाण्यात जाईल असा छान उतार बांधला आहे, पण तो पलीकडे, कपडेवाल्यांच्या बाजूला. तिकडे त्या जाणार नाहीत. मी एकदा विचारून पाहिलं. म्हणाल्या, एवढी वर्षं इकडून उतरले, आता शेवटी काय तिकडून?

इकडे झाडांची मुळं आहेत. खुर्ची जात नाही, उचलूनच न्यावं लागेल. त्याआधी गाडी लागेल. म्हणून मी लायसन्सच्या परीक्षेला बसतोय. लेखी पेपरात दोनदा नापास झालो. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे डोक्यात आहे, पण घाईत विसरतो. बाई खुर्चीत बसून माझ्याकडून प्रश्न पाठ करून घेतात. ही घोकंपट्टी कशासाठी चालली आहे, ते त्यांना सांगितलेलं नाही. कदाचित त्यांना कळलं असेल.

तर बाई, हे तुम्ही वाचू शकणार नाही, तरी लिहून ठेवतो. लायसन्स हातात आलं की पहिली फेरी तुमची. सकाळी सातला, फळीवाले यायच्या आत, मक्याच्या वाटेने. मुळांवरून मी उचलून नेईन, पोती उचलायची सवय आहे मला. पाण्यात खांद्यापर्यंत येईन आणि हात सोडणार नाही. तुमच्या बाजूला उतरायचं तर तुमच्या नियमाने उतरावं लागेल, हेही मला ठाऊक आहे. त्याचीही तयारी करतोय.